सुताची साक्ष : पारतंत्र्यकालीन मालिकांतील वेश आणि वास्तू

ज्या जिल्ह्यात कापूस हे पीक, सूत हे व्रत आणि वस्त्र हा राजकीय युक्तिवाद होता, त्या वर्धा जिल्ह्यात ज्याचे आयुष्य गेले आहे, असा माणूस पारतंत्र्याच्या काळावरील एखादी मालिका पाहावयास बसला, की त्याची दृष्टी नटांच्या मुद्रेवर फार काळ ठरत नाही; ती त्यांच्या धोतराच्या काठाकडे, पाठीमागच्या भिंतीच्या सारवणाकडे आणि अंगणापलीकडे दिसणाऱ्या शेतातील पिकाकडे वळते. गेली पस्तीस-चाळीस वर्षे मी अशा मालिका याच नजरेने पाहत आलो आहे. वेश आणि नेपथ्य यांच्या ऐतिहासिक सत्यतेचा विषय निघाला, की मालिका म्हणजे इतिहासाचा ग्रंथ नव्हे, प्रेक्षकाला कथा हवी असते, काठ-पदराचा हिशेब कोण ठेवतो, असे उत्तर ठरलेले असते. शिवकाल किंवा पेशवाई यांच्याविषयी ते उत्तर मी काही अंशी मान्य करीन, कारण तेथे साधने विरळ आहेत आणि कल्पनेला अवकाश द्यावाच लागतो. १९२० ते १९४७ या काळाविषयी मात्र मला ते मान्य होत नाही. त्या काळात माणसाने अंगावर काय घालावे हाच मुळी देशापुढचा प्रश्न होता, आणि ज्या काळात कपडा हेच विधान होते, त्या काळाचा कपडा चुकला म्हणजे पात्राच्या तोंडचे वाक्यच चुकले.

या विधानाला आधार द्यावयाचा तर फार दूर जाण्याचे कारण नाही. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेला गांधीजींनी सदरा आणि टोपी टाकून गुडघ्यापर्यंतचा पंचा स्वीकारला. त्यापूर्वीचे गांधीजी दाखविताना त्यांना पंच्यात उभे करणे म्हणजे त्या निर्णयाचे मोल पुसून टाकणे होय. त्याच वर्षी विनोबा वर्ध्याला आले. सेठ जमनालाल बजाजांच्या घरातून विदेशी वस्त्रे बाहेर पडून त्यांची होळी झाली, त्यांच्या पत्नी जानकीदेवींनी पडदा सोडला, दागिने उतरविले आणि जाडीभरडी खादी अंगावर घेतली. एका मारवाडी श्रीमंत घराण्यातील सुनेने अंगावरचे सोने उतरविणे ही घटना त्या काळी भाषणाहून कमी बोलकी नव्हती. आणि डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी परिषदेस आलेल्या स्त्रियांना उद्देशून जे सांगितले, त्यात लुगडे वरच्या वर्गातील स्त्रिया नेसतात तसे नेसावे आणि जातीची ओळख पटविणारे जडजड दागिने टाकून द्यावेत, हा उपदेश होता. एकीकडे श्रीमंत स्त्री सोने उतरविते आणि दुसरीकडे दलित स्त्री गिलटाचे ओझे उतरविते. दोघींच्या त्या कृतींचा अर्थ भिन्न, पण दोन्हींची भाषा वस्त्रालंकारांचीच. आमच्या मालिकांत मात्र सर्व जातींच्या आणि सर्व वर्गांच्या स्त्रियांच्या गळ्यात एकाच पेटीतून निघालेली ठुशी आणि बोरमाळ दिसते, तेव्हा हे सारे आंदोलनच नाहीसे होते.

उत्तम काम आपल्याकडे झालेलेच नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. १९८२ च्या ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर पारितोषिक मिळविणाऱ्या भानु अथय्या या मूळच्या कोल्हापूरच्या; माहेरच्या राजोपाध्ये. वडील अण्णासाहेब चित्रकार, आणि स्वतः जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या. वस्त्राकडे चित्रकाराच्या डोळ्याने पाहण्याची त्यांची दृष्टी अशी घरातूनच आली. त्या चित्रपटात आफ्रिकेतील बॅरिस्टराच्या सुटापासून पंच्यापर्यंतचा जो प्रवास आहे, तो कापडाच्या पोतातूनही वाचता येतो. दूरदर्शनवर १९८८ साली आलेल्या ‘तमस’ने आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या श्याम बेनेगल यांच्या ५३ भागांच्या ‘भारत एक खोज’ने, मर्यादित खर्चात, वस्तूंच्या गर्दीने डोळे न दिपविता काळ कसा उभा करता येतो, याचा पाठच घालून दिला. कलादिग्दर्शक नितीश रॉय यांच्या हाताखाली याच कामांवर उमेदवारी करून पुढे आलेले नितीन चंद्रकांत देसाई यांनी ‘लगान’साठी कच्छच्या मातीत १८९३ सालचे गाव उभे केले, तेव्हा भिंती त्या मुलखाच्याच मातीच्या होत्या. बेनेगलांच्याच २०१४ च्या ‘संविधान’ या दहा भागांच्या मालिकेत घटना समितीचे सभागृह उपलब्ध छायाचित्रांच्या आधाराने सजविलेले दिसते. तेथे अंगावरचा कोट, शेरवानी, धोतर यांवरून सभासदांचे प्रांत ओळखू येतात.

परदेशी मालिकांबद्दल थोडक्यात एवढेच सांगतो, की १९८४ ची ‘द ज्युएल इन द क्राउन’ आपल्याकडे येऊन चित्रित झाली, तर २०१५ च्या ‘इंडियन समर्स’मधील १९३२ चे सिमला हे वस्तुतः मलेशियातील पेनांग होय, साहेबाचा पोशाख दोन्हींकडे शिवणीपर्यंत बिनचूक, मात्र त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या पट्टेवाल्याचा साफा कोणत्या प्रांताचा, याची चौकशी त्या मानाने कमीच झालेली जाणवते. ज्याच्या नावावर कथा चालते त्याच्या कोटाचे बटणही तपासावयाचे आणि जो नुसता उभा आहे त्याला भांडारात हाताला लागेल ते चढवावयाचे, हा दोष साहेबांच्या मालिकांचाच नाही, आपलाही आहे. आणि माझ्या मते या साऱ्या प्रश्नाचे मूळ तेथेच आहे.

मराठीत ‘उंच माझा झोका’ने २०१२ साली रमाबाई रानड्यांचे घर पडद्यावर आणले, त्यानंतर ‘सावित्रीजोती’, डॉ. आंबेडकरांवरील मालिका, ‘लोकमान्य’ असा ओघ चालू राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यमवर्गीय घराला आपल्याकडे साधनांची वाण नाही. रमाबाईंच्या १९१० साली छापून आलेल्या आठवणी आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ यांत त्या काळच्या घराचे, माजघर आणि ओसरीपर्यंतचे, किती रूप साठले आहे! काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई जोशी पायांत जोडे घालून आणि हातात छत्री घेऊन रस्त्यावरून निघाल्या तेव्हा लोकांनी त्यांच्यावर दगड फेकले, ही हकीकत ज्याने वाचली आहे, तो दिग्दर्शक त्या काळच्या एखाद्या सोवळ्या घरातील सुनेच्या पायांत सहज म्हणून चप्पल सरकविणार नाही. पण तसे दिसते खरे. त्याहून अधिक खटकते ती शिवलेली नऊवारी. निऱ्या कायमच्या टाचलेल्या, कासोटा शिवून बसविलेला, ओचा एकाच जागी गोठलेला. खऱ्या नेसणीत बाई दिवसातून दहादा निऱ्या सावरते, पाण्याला जाताना लुगडे वर खोचते, कामाच्या घाईत पदर कमरेला बांधते, आणि या सावरण्या-खोचण्यातच तिच्या दिवसाची कथा असते. शिवलेल्या लुगड्यात नटीचे हात रिकामे राहतात आणि ते कोठे ठेवावेत हे तिला कळत नाही. केशवपन केलेल्या विधवेचे आलवण म्हणजे जाडेभरडे तांबडे कापड. ते जेव्हा तुकतुकीत तपकिरी रेशमासारखे चमकते तेव्हा तिच्या वाट्याच्या यातनेलाही झिलई चढते. रंग भडक असूच नयेत, असे मात्र मी म्हणणार नाही. रासायनिक रंगांचा शोध १८५६ मधला आहे, आणि शतक संपण्याच्या आत आमच्या आलाच्या मुळांच्या तांबड्या रंगाला या रंगांनी बाजारातून हुसकावून लावले. तेव्हा जुना काळ म्हटला की सारे काही मातकट रंगवून काढणे, हीही एक चूकच होय.

आता चरख्याकडे वळतो. येथे चुका सर्वाधिक होतात आणि टाळणे सर्वांत सोपे आहे. पेटीत घडी घालून ठेवता येणारा चरखा हा १९३० नंतरचा, येरवड्याच्या तुरुंगवासात गांधीजींनी ज्याच्या रचनेत स्वतः लक्ष घातले तो. म्हणूनच त्याला येरवडा चक्र हे नाव पडले. तो चंपारण्याच्या किंवा असहकाराच्या प्रसंगात दिसू लागला, की आम्ही घरातली माणसे एकमेकांकडे पाहतो. अंबर चरखा तर स्वातंत्र्यानंतरचा; तोही एकदा पडद्यावरील १९४२ च्या आश्रमात मी पाहिला आहे. आणि सूत काढण्याची क्रिया! माझी आई रोज पहाटे कातावयास बसे. पेळू डाव्या चिमटीत असा धरलेला असे की दाब पडू नये. उजवा हात चाक फिरवी, आणि डावा हात मागे मागे जात असता धागा चातीच्या टोकाशी जन्म घेई. हात पूर्ण मागे गेला म्हणजे चाक किंचित उलटे फिरवून धागा उतरवावयाचा आणि मग चातीवर गुंडाळावयाचा. त्या उलट्या फेरीवाचून कातणे नाही. पडद्यावरील चरखे अखंड एकाच दिशेने गरगरतात, पेळूचा पत्ता नसतो, आणि चातीवर आधीच बाजारचा दोरा गुंडाळून ठेवलेला असतो. चार फुटांची एक तार, ६४० तारांची एक गुंडी, हा हिशेब आमच्या घरात मुलांना पाढ्यांबरोबर येत असे. ज्या नटाला गांधीजी किंवा विनोबा साकारावयाचे आहेत त्याने निदान एक गुंडी पुरी करून मग कॅमेऱ्यापुढे बसावे, अशी माझी नम्र पण आग्रहाची विनंती आहे.

ध्वजाचेही तसेच. १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह ज्या ध्वजासाठी झाला आणि ज्यासाठी जमनालालजी तुरुंगात गेले, तो ध्वज वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा आणि त्यावर चरखा, असा होता. केशरी पट्टा १९३१ मध्ये आला आणि अशोकचक्र २२ जुलै १९४७ रोजी. तीन तारखा लक्षात ठेवावयाच्या, त्याही राहत नाहीत. कचेरीच्या भिंतीवरील बादशहाची तसबीरही तशीच बदलत गेली पाहिजे: १९१० पर्यंत सातवा एडवर्ड, मग पंचवीस वर्षे पाचवा जॉर्ज. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी सेगावला राहावयास आले तेव्हा गादीवर आठवा एडवर्ड होता, आणि त्या वर्षाअखेर तोही गेला. गावाचे नावही तेव्हा सेगावच होते. गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागल्यामुळे १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. तेव्हा १९३७ च्या प्रसंगात ‘सेवाग्राम’ अशी पाटी, आणि तीही संगणकाच्या गुळगुळीत अक्षरांत, कशी चालावी?

मुलूख बदलला की दप्तरही बदलते, हे पुण्या-मुंबईच्या मंडळींच्या ध्यानात येत नाही, आणि आम्हा वैदर्भीयांची ही जुनी खंत आहे. वर्धा मध्यप्रांतात होता. येथे जिल्ह्याचा मुख्य अधिकारी कलेक्टर नव्हे, डेप्युटी कमिशनर; गावाचा सारा भरणारा तो मालगुजार; कागद सांभाळणारा तलाठी नव्हे, पटवारी; आणि हाकारा देणारा कोतवाल. खुद्द सेगावचे मालगुजार जमनालालजी होते, म्हणून तर गांधीजींना तेथे जागा मिळू शकली. हा साराच संबंध समजून न घेता लेखक विदर्भातील गावात देशावरचा पाटील-कुलकर्ण्यांचा वाडा उभा करतो, तो वाडाही अनेकदा भोरचा किंवा मेणवलीचा, घडीव दगडी जोत्याचा. आमच्याकडच्या घराला लाकडी बल्ल्या, कुडाच्या किंवा मातीच्या भिंती, कवेलूंचे छप्पर आणि पुढे बसण्याउठण्याची छपरी. दाराशी बैलगाडी म्हणजे बंडी आणि पाहुण्यांसाठी दमणी. १९३० साल आले की मालिकेत सर्वत्र मीठ उकळू लागते. मध्यप्रांत-वऱ्हाडाला समुद्र कोठला? येथे गाजला तो जंगल सत्याग्रह. १० जुलै १९३० रोजी पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी गवत कापून कायदा मोडला. तेव्हा आमच्या सत्याग्रहींच्या हातात मिठाची कढई नको, विळा हवा.

गर्दीचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सभेचे दृश्य आले की पन्नास माणसे एकाच ठाणातल्या शुभ्र सदऱ्यांत आणि एकाच मापाच्या गांधी टोप्यांत बसविलेली असतात. खरे पाहता खादी गिरणीच्या कापडाहून महाग होती, आणि हा जिल्हा तर गिरण्यांचाही जिल्हा: हिंगणघाटचा कापूस विलायतेपर्यंत नावाजलेला, हिंगणघाट आणि पुलगाव येथे कापडाच्या गिरण्या, शेजारी नागपूरला १८७७ पासून एम्प्रेस मिल. तेव्हा सभेला आलेला शेतमजूर गिरणीच्या आखूड धोतरात, उघड्या अंगावर दुपट्टा टाकून, डोक्याला मुंडासे गुंडाळून येणार. त्याच्या शेजारी काळ्या टोपीतला कारकून, मागे पंच्याचे टोक डोक्यावर घेतलेला गुराखी, आणि त्यांच्या मधोमध मोजके शुभ्र ठिपके खादीधाऱ्यांचे. त्या मोजक्या ठिपक्यांतूनच कळते की खादी घालणे हा निर्धार होता, गणवेश नव्हता. बायकांच्या कपाळावर आणि हातांवर गोंदण असणार. पुरुषांच्या टाचांना भेगा असणार. कपडे जुने दिसावेत म्हणून ते चहाच्या पाण्यात बुडवून काढण्याची युक्ती हल्ली सर्रास वापरतात. पण चहाचा रंग सर्वत्र सारखा चढतो आणि आयुष्याचा मळ तसा चढत नाही. नांगर धरणाऱ्याचा सदरा खांद्यावर विरतो, रेचाईवर काम करणाऱ्या बाईच्या लुगड्याला सरकीचे कण चिकटतात, आणि जमिनीवर बसून लिहिणाऱ्या कारकुनाचे धोतर घोट्याशी काळवंडते. विरलेपणाचा हा नकाशा ज्याला वाचता येतो, त्याला पात्राची जात, धंदा आणि मिळकत संवादातून सांगण्याची गरज उरत नाही.

शेतांकडेही पाहिले पाहिजे, कारण पाठीमागचे शेत हेही नेपथ्यच. १९४२ च्या ऑगस्टात आष्टीच्या ठाण्यावर चाल करून गेलेल्या माणसांसारखी माणसे पडद्यावर ज्या वाटेने जातात, तिच्या दोन्ही बाजूंना गाजरगवत फुललेले असते. ते या देशात प्रथम आढळले पन्नाशीच्या दशकात, पुण्याकडे. त्यापलीकडे हिरवेगार सोयाबीन, जे आमच्या विदर्भात गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांतच पसरले. कापूस दाखवावयाचा तर तो संकरित, टपोऱ्या बोंडांचा. देशी कापसाचे झाड वेगळे, बोंड लहान आणि खाली झुकलेले. शेतकऱ्याच्या घरातला कोणताही म्हातारा हे एका दृष्टिक्षेपात सांगू शकेल, मात्र त्याला कोणी विचारले पाहिजे.

असे का होते, याची कारणे मी जाणत नाही असे नाही. दररोज एक भाग तयार करावयाचा, कपडे भाड्याच्या भांडारातून आणावयाचे, मातीची भिंत प्लायवुडवर रंग फासून उभी करावयाची, आणि हे सारे एका लहानशा मंडळीने रात्रीचा दिवस करून. त्यांच्या कष्टांविषयी मला आदरच आहे. आणखी एक खरी अडचण अशी, की त्या काळाची छायाचित्रे काळीपांढरी आहेत, म्हणून रंग अंदाजाने ठरवावे लागतात. परंतु पोत, घडी, बसण्याची रीत, वस्तूंची मांडणी हे काही रंगावर अवलंबून नाही. सेवाग्रामात कनु गांधींनी काढलेली छायाचित्रे यासाठी अमोल आहेत, कारण झगझगीत दिवा वापरावयाचा नाही आणि मी तुझ्यासाठी बसणार नाही, अशा बापूंनी घातलेल्या अटींमुळे ती सारी चालत्या दिवसातून टिपलेली आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत, ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आजही उभे आहे. चरखे आणि ग्रामोद्योगाची अवजारे तेथे डोळ्यांपुढे आहेत. मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघालेला माणूस सकाळी येथे उतरतो.

आणि मग त्याने पाच मैलांवरच्या सेवाग्रामला जावे. काही वर्षांपूर्वी एका निर्मितीसाठी जागा पाहावयास आलेल्या दोन तरुणांना मी बापू कुटीत घेऊन गेलो होतो. मूळची ही कुटी मीराबेनांची. भिंतीवर ताडाची झाडे आणि चरखा त्यांनी ओल्या मातीत आपल्या हातांनी उठविलेले. खाली चटई, लहानशी बैठक, लिहिण्याचे बुटके मेज. त्यांच्यापैकी एकाने भिंतीची मोजमापे घेतली, पुष्कळ छायाचित्रे घेतली, आणि ती माती रंगात हुबेहूब जुळविता येईल असे मला सांगितले. मी त्याला म्हटले, “बेटा, जरा हात लावून बघ.” त्याने तळवा भिंतीला टेकविला. बाहेर मे महिन्याचे ऊन होते आणि भिंत आतून गार होती. मग तिरप्या उजेडात त्याला ते दिसले: सारवणाऱ्या हाताच्या बोटांच्या अर्धवर्तुळाकार रेषा, एकीवर एक, दर पावसाळ्यानंतर नव्याने ओढलेल्या. किती तरी वेळ तो आपली बोटे त्या रेषांवरून फिरवीत राहिला, आणि मोजपट्टी त्याच्या सोबत्याने गुंडाळून ठेवली.